होळीला गेलेली मुलं परत आली नाहीत, कॉलेजने काय करायला हवं?

कर्वेरोड_मॅडम (जुलै)

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते, कॉलेजचं नाव राहू दे. गेल्या महिन्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की समान संधी कक्षाचं काम आता तुमच्याकडे, नॅकची (कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेची) तपासणी तोंडावर आहे, जरा जोमाने करा. आधीच्या सरांकडून फाइल घेतली. फाइलमध्ये काय, तर तीन वर्षांचे ९ ऑगस्टचे, म्हणजे आदिवासी दिनाचे फोटो, मुलं डोक्याला पिसं बांधून नाचतायत आणि पुढच्या रांगेत आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय (मीपण आहे त्यात), एक हजेरीचा कागद आणि समोशांचं बिल. संपली फाइल.

आता खरं दुखणं सांगते. माझ्या फर्स्ट इयरच्या वर्गातली सहा आदिवासी मुलं मार्चमध्ये होळीला म्हणून गेली. चार नंदुरबारकडची, एक सुरगाण्याचा, एक मुलगी मेळघाटातली, धारणीची. त्यातली दोघंच परत आली. बाकीच्यांचे फोन लागत नाहीत, लागले तर उचलत नाहीत. आणि नंतर मला कळलं की होळीच्या दुसऱ्याच दिवशी इंटर्नल होती, ती चुकली, आणि परत द्या म्हणून विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. ती इंटर्नल मीच लावली होती. सगळ्यांना गैरहजर पण मीच लावलं.

प्राचार्यांना करिअर मार्गदर्शनाचं एक व्याख्यान हवंय आणि ९ ऑगस्टचा कार्यक्रम. मला फोटो नकोत, मुलं टिकायला हवीत. एक छोटी खोली मिळू शकते, थोडेफार पैसे मिळतील. त्यांची भाषा, सण, घरदार हे धरून काही करता येतं का? ज्यांनी स्वतः सोसलंय त्यांनी लिहा प्लीज, बाकीच्यांनी पण लिहा पण जरा बेताने :)

धडगावकर

जोहार मॅडम. मी पावरा, गाव नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात, सातपुड्यात. आता चाकणला नोकरी करतो. वाकडेवाडीहून रात्रीची गाडी धरली की सकाळी शहादा, तिथून धडगावची एसटी, पुढे जीप आणि मग पायी, घरी पोचेपर्यंत दुपार उलटते. आणि कॉलेज होळीला सुट्टी देतं एक दिवस.

आमच्याकडे दिवाळीचं एवढं नाही, वर्षाचा सण होळी. आधी भोंगऱ्या बाजार, मग गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी, काठी गावची राजवाडी होळी तुम्ही पेपरमध्ये फोटोत बघितली असेल. कुणी नवस बोललेला असतो, कुणी बावा-बुध्या होतो (सोंग घेऊन नाचतो), त्याच्या आधी पाळणी असते, पथ्य असतं, मधेच उठून येता येत नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे घरची अर्धी माणसं गुजरातला ऊसतोडीला गेलेली असतात, ती होळीला येतात. म्हणजे आई-बाप-भाऊ एका जागी वर्षातून तेव्हाच दिसतात. आता तुमची इंटर्नल वीस मार्कांची. सांगा काय निवडणार.

माझं सांगतो. पहिल्या वर्षी मी होळीला गेलो तो नऊ दिवसांनी आलो. प्रॅक्टिकलला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, उतरली का? सगळे हसले, मी पण हसलो. आणि पुढचे दोन आठवडे त्या लॅबकडे फिरकलो नाही. कॉलेजने हे कुठे लिहिलं असेल तर "विद्यार्थी अनियमित" एवढंच लिहिलं असेल.

मग एका रविवारी मोलगीचा एक मुलगा रूमवर आला, थर्ड इयरचा, माझ्या लांबच्या नात्यातला निघाला. त्याने मला काही मार्गदर्शन वगैरे केलं नाही, आपल्या भाषेत शिव्या घातल्या. इतके महिने पुण्यात कुणी माझ्यावर आपल्या भाषेत ओरडलंच नव्हतं. मग त्याने स्टोव्हवर डाळ केली, वर गावाकडचा आमचूर टाकला, खाल्लं, आणि सोमवारी सकाळी स्वतः येऊन मला लॅबच्या दारात सोडून गेला, लहान पोराला बालवाडीत सोडतात तसं. मी पास झालो तो त्याच्यामुळे, कुठल्या सेलमुळे नाही.

म्हणून मॅडम, खोलीच्या आधी असा एक मुलगा आणि एक मुलगी शोधा. सेकंड किंवा थर्ड इयरचे, त्या त्या भागातले. आणि फुकट राबवू नका त्यांना. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे ना, त्यात बागेला पाणी घालायचे पैसे मिळतात तर ज्युनियरला सांभाळायचे का मिळू नयेत.

भाषेचं पण सांगून टाकतो, मराठी ही मी आश्रमशाळेत शिकलेली भाषा, घरची नाही. वर्गात प्रश्न विचारायचा म्हणजे आधी मनात पावरीत, मग मराठीत, मग इंग्रजीत, तोवर सर पुढच्या पानावर. लोकांना वाटतं मुलगा गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही.

आणि नाच वाईट नाही हो. ढोल ऐकायला पुणेकर येत असतील तर येऊ द्या की. फक्त मोरपिसांचा तो टोप आमच्यात होळीला, ज्याने पाळणी केली तो घालतो. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या स्टेजवर कुणी घालत नाही. तुमच्या फोटोतली पिसं बहुतेक ड्रेसवाल्याकडून भाड्याने आणलेली असणार.

टिळकरोड_काका

मॅडमचा हेतू चांगला आहे पण थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. मी १९७८ साली कोकणातून पुण्यात आलो, नाना पेठेत चार जण एका खोलीत, रोज रात्री रडायचो, मेसची भाजी घशाखाली उतरायची नाही. तेव्हा ना सेल होता ना समुपदेशक. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाचं हेच असतं. ह्या मुलांना वेगळी खोली, वेगळा चहा, वेगळा सीनियर दिलात तर ती आणखीनच वेगळी पडतील, बाकीच्यांत मिसळणार कधी? सगळ्यांना एकच माप लावा. संस्कृतीचंच म्हणाल तर क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, १९६२ सालची संस्था आहे ती, तिथे सगळ्या वर्गाची सहल न्या. दोन्हीकडच्या मुलांना कळेल.

डिंभ्याच्या_वर

काका तुम्ही रडलात हे खरं असेल, पण तुम्हाला कुणी विचारलं होतं का, तू कोकणस्थ वाटत नाहीस म्हणून?

मी महादेव कोळी, आंबेगाव तालुका, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. धडगावकरदादाचं वाचून बरं वाटलं पण माझी गोष्ट वेगळी आहे, आणि मॅडमनी दोन्ही ऐकाव्यात कारण कॉलेजमध्ये सगळे एसटी, म्हणजे अनुसूचित जमातीवाले, एका गठ्ठ्यात मोजतात. माझी घरची भाषा मराठीच आहे, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर घर, दिसायला तुमच्यासारखीच, म्हणून मला काही लागतं असं कुणाला वाटलंच नाही. उलट मैत्रिणी म्हणायच्या कोळी म्हणजे मासे पकडणारे ना, मग तुम्ही आदिवासी कसे. डोंगरात राहतो आम्ही, भाताची खाचरं, हिरडा. मासे धरणात आले, धरण नंतर आलं.

माझं वर्ष अडलं ते कागदांनी. जात वैधतेचा दाखला, म्हणजे जात खरी आहे असं समितीने तपासून दिलेला कागद. बाबा आणि मी किती खेटे घातले, आजोबांच्या शाळेचा दाखला, पणजोबांची नोंद, १९५० च्या आधीचा कागद असेल तर बघा म्हणाले. मग ती आप्तभाव चाचणी, म्हणजे तुमचा कुलदेव कोण, लग्नात काय करता, मयताला काय करता, वाघबारशीला काय करता. सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की ह्या चाचणीवरच निकाल लावू नका, ती काही अंतिम कसोटी नाही, पण माझ्या वेळी मी ती पाठ करून गेले होते, माझाच देव मी पाठ करत होते बसमध्ये. आणि त्याच आठवड्यात वर्गात मी वाघबारशीला घरी जायचंय असं न सांगता बहिणीचं लग्न आहे असं सांगितलं, कारण वाघाची पूजा म्हटलं की हसतात. कार्यालयात संस्कृती सिद्ध करायची आणि वर्गात ती लपवायची. मॅडम, तुमच्या कक्षात फक्त एवढं झालं की कुठल्या सणाला जायचंय ते मुलगी खरं सांगू शकते, तरी खूप झालं.

जुलैचं पण बघा. आमच्याकडे जुलैमध्ये आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, घरात एक हात कमी असला तरी खाचर राहतं. तेव्हाच कॉलेज सुरू होतं, तेव्हाच ओरिएंटेशन, तेव्हाच फॉर्म. मुलं पहिले पंधरा दिवस येत नाहीत आणि जे काही सांगायचं ते तुम्ही त्या पंधरा दिवसांतच सांगून मोकळे होता.

आणि एक, आपल्या जिल्ह्यात मुळशी, मावळ, भोरला कातकरी वाड्या आहेत. राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी एक, दुसरे कोलाम आणि माडिया गोंड. पुण्याला खेटून राहतात. तुमच्या कॉलेजात किती कातकरी मुलं आहेत बघा एकदा. नंदुरबार लांब आहे म्हणाल, पण हे तर हाकेवर आहेत.

(काका, संग्रहालय चांगलं आहे, मी गेलेय. फक्त वर्गाबरोबर जाऊ नका म्हणेन. काचेत ठेवलेली टोपली बघून सगळे अय्या कित्ती सुंदर म्हणत होते आणि तसलीच टोपली आमच्या ओट्यावर होती, कोंबडी झाकायला.)

निवृत्त_हेडक्लार्क

चर्चा छान चालली आहे. तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढली म्हणून चार शब्द. मॅडम, संस्कृती नंतर, आधी खिडकी. मुलगा कॉलेजला पहिल्यांदा भेटतो तो शिष्यवृत्तीच्या खिडकीवर, तुमच्या कक्षात नाही. तिथे बसलेला माणूस कागद परत भिरकावतो आणि म्हणतो उत्पन्नाचा दाखला जुना आहे, नवीन आण. आता नवीन आण म्हणजे काय ते वर धडगावकरांनी सांगितलंच, रात्रभर गाडी, तहसील, परत रात्रभर गाडी.

पोस्टमॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट अडीच लाखांची, महाडीबीटी ह्या सरकारी वेबसाइटवर अर्ज, आधारला जोडलेलं खातं लागतं. अर्धे अर्ज खात्यावर अडकतात. गावच्या बँकेत खातं, आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं, मोबाइल नंबर मामाचा, ओटीपी जातो मामाकडे आणि मामा डोंगरात. हे मी हसण्यासाठी लिहीत नाही, असे अर्ज हाताने सोडवलेत. आणि रक्कम म्हणाल तर २०१० साली निर्वाहभत्त्याचे जे दर ठरले त्यात बीए-बीएस्सीच्या हॉस्टेलबाहेर राहणाऱ्या मुलाला महिन्याला ३०० रुपये होते, हॉस्टेलवाल्याला ५७०. पुण्यात.

ज्याला शासकीय वसतिगृह मिळालं नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, २०१६-१७ पासूनची. सुरुवातीला पुण्यासारख्या शहराला वर्षाला ६०,००० ठरले, जेवणाचे ३२,०००, राहायचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कागदावर बरी आहे. पण हप्ता हजेरीला बांधलेला आहे, म्हणजे मुलगा होळीला जाऊन दहा दिवस अडकला की हजेरी पडते, हजेरी पडली की हप्ता अडतो, हप्ता अडला की कॉटबेसिसवाला (खाटेवर भाडं घेणारा घरमालक) सामान बाहेर काढतो, आणि मग मुलगा परत येत नाही. मॅडम, तुमची चार मुलं कुठे गेली ते ह्या साखळीत शोधा.

कॉलेजच्या हातात काय आहे? एक, पात्र मुलाकडून शिष्यवृत्तीत येणारी फी आधी मागायची नाही, शासनाचंच सांगणं आहे तसं, पण काउंटरवर कोण ऐकतंय. दुसरं म्हणजे हप्ता येईपर्यंत दोन-तीन हजार हातउसने देता येतील असा एक छोटा निधी, माजी विद्यार्थ्यांकडून. आमच्याकडे एका सरांनी केला होता, वहीत नाव लिहायचं, व्याज नाही, विचारणा नाही. बरेचसे पैसे परत यायचे.

धडगावकर

क्लार्कसाहेब, तुमच्यासारखा माणूस आमच्या खिडकीवर असता तर. पैशाचं अजून एक सांगतो. २०१८ च्या जुलैमध्ये वसतिगृहातली मुलं पुण्याहून नाशिकला आदिवासी विकास आयुक्तालयावर पायी निघाली होती, वाटेत अडवलं त्यांना. मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं त्याच्या विरोधात. पुण्यातले लोक म्हणाले पैसे हातात मिळतायत तर काय तक्रार. तक्रार ही की खात्यात आलेले पैसे मुलगा गावी पाठवतो, बहिणीचं आजारपण, बियाणं, काहीही निघतं, आणि स्वतः वडापाववर राहतो. घर उपाशी असताना आमच्यात कुणी एकटा जेवत नाही, आणि ही सवय मला वाईट वाटत नाही. पण मेसमध्ये ताट पुढे आलं की मुलगा निदान जेवायचा, आणि सगळे एकत्र बसायचे.

दक्षिण_गोलार्ध

मी मूळची पुण्याचीच, गेली काही वर्षं ऑकलंडला आहे, विद्यापीठातच काम करते. इथलं थोडं सांगते, पण आधीच सांगते की जसंच्या तसं उचलू नका, इथे माओरींचा आणि ब्रिटिश राजसत्तेचा १८४० चा वैतांगीचा करार आहे, त्याच्या जोरावर बरंच काही उभं आहे, आपल्याकडचा पाया वेगळा.

ऑकलंड विद्यापीठाच्या आवारात माराए आहे, म्हणजे माओरींचं सभागृह आणि त्याच्या पुढचं अंगण, १९८८ पासून. कोरीव खांब, आत जाताना चपला बाहेर. आपल्याला ह्याचं काय नवल, पण इथल्या गोऱ्या प्राध्यापकांना चपला काढायला लागतात हे बघून मला पहिल्या दिवशी फार गंमत वाटली होती. नव्या मुलांचं स्वागत तिथे होतं आणि घरचे लोकही येतात. मुलाला एकट्याला घेत नाहीत, घरासकट घेतात.

दुसरी गोष्ट तुआकाना. तुआकाना म्हणजे थोरलं भावंड. ज्या विषयात मुलं अडखळतात त्या विषयात थोडी पुढे गेलेली माओरी आणि पॅसिफिक बेटांवरची मुलं धाकट्यांना घेऊन बसतात. ट्यूशनच असते, पण नातं भावंडाचं. धडगावकरांच्या मोलगीच्या मुलाचं वाचून मला तेच आठवलं, फक्त इथे त्याला पगार मिळतो.

अमेरिकेत तर नवाहो लोकांनी १९६८ मध्ये स्वतःचंच कॉलेज काढलं, आज दिने कॉलेज म्हणतात, नंतर तशी बरीच निघाली. मोंटानातल्या आदिवासी कॉलेजांतल्या लोकांनी एक विचार मांडला की मुलगी शिकायला येते तेव्हा तिला घरापासून तोडून कॉलेजात मिसळवायचा हट्ट सोडा, कॉलेजच तिच्या गोतावळ्यासारखं करा, घरच्यांना बोलवा, मुलांना सांभाळायची सोय करा, जेवण ठेवा. तोपर्यंत सगळे जुने सिद्धांत सांगत होते की जुनं सुटलं की मूल टिकतं. तिकडचा अनुभव उलटा होता.

काकांना एवढंच म्हणेन की माझे इथले माओरी विद्यार्थी दिवसभर सगळ्यांबरोबर असतात, लॅबमध्ये, कॅन्टीनमध्ये. माराएवर ते दम खायला जातात.

टिळकरोड_काका

दम खायला ही गोष्ट पटली. बाकी करार-बिरार ठीक आहे, आपल्याकडे नॅक हाच करार. पण मॅडम, खोलीवर पाटी काय लावणार? ह्याचा विचार करा, मी उगाच म्हणत नाही.

एटापल्ली_ते_कोथरूड

जय सेवा सगळ्यांना. मी गोंड, गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची, पुण्यात समाजकार्याचं एमएसडब्ल्यू केलं, आता समुपदेशनाचं काम करते. उशिरा वाचलं, सगळं लिहून झालंय तरी दोन गोष्टी राहिल्यात असं वाटतं.

मयत. आमच्याकडे चुलत आजोबा वारले तर ते माझेच आजोबा वारले. चार देववाले, पाच देववाले, सहा, सात असं आमचं गोत असतं, त्यातल्या माणसाचं मातीचं काम आणि नंतरचे विधी ह्यांना हजर राहावंच लागतं, नाही गेलं तर गाव नाव ठेवतं आणि आपल्या मनाला लागतं ते वेगळंच. माझ्या कॉलेजच्या रजेच्या अर्जात "जवळचे नातेवाईक" म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण एवढेच छापलेले होते. मी काकांना वडील लिहिलं. दोनदा. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या तुझे वडील किती वेळा वारतात. तो फॉर्म बदला, एक ओळीचं काम आहे, खर्च शून्य.

दुसरं समुपदेशन. माझ्याकडे एक मुलगी आली होती, झोप नाही, छातीत धडधड. आधीच्या समुपदेशकाला तिने सांगितलं की गावाकडे एक पूजा द्यायची राहिलीय, आई म्हणते त्यामुळे होतंय. त्या बाईंनी अर्धा तास अंधश्रद्धेवर बोलून घेतलं. मुलगी पुन्हा गेली नाही, कशाला जाईल. मी तिला एवढंच विचारलं की पूजा कधी आहे आणि तू जाणार कशी. मग डॉक्टरकडे पण गेलो, गोळ्या पण चालू झाल्या, पूजा पण झाली. दोन्हींचं एकमेकांशी भांडण तिच्या डोक्यात नव्हतंच, ते आपल्या डोक्यात होतं. आईशी मी गोंडीत बोलले फोनवर, आई रडली, म्हणाली पुण्यात आपली बोली बोलणारं कोणी आहे हे माहीत असतं तर मी पोरीला परत बोलवायला निघालेच नसते.

२०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ह्या आदिवासी डॉक्टर मुलीने जातीवरून छळ झाल्याच्या आरोपात जीव दिला, तेव्हा मी हॉस्टेलला होते. त्या रात्री आमच्या खोलीत कुणी झोपलं नाही. प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं, आणि एकीनेही ते कधी कुठल्या सेलमध्ये जाऊन सांगितलेलं नव्हतं. यूजीसीचे नियम २०१२ पासून आहेत, कक्ष पाहिजे, भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी पाहिजे, आणि कॉलेजच्या वेबसाइटवर नाव आणि नंबर असतो पण. पण ज्या माणसाबरोबर कधी चहा प्यायला नाही त्याच्याकडे तक्रार घेऊन कोण जातं?

कर्वेरोड_मॅडम

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस नुसतं वाचतेय. रजेचा फॉर्म आजच प्राचार्यांकडे दिला. हेडक्लार्क साहेब, तुमची साखळी मी आमच्या ऑफिसच्या रजिस्टरवरून तपासली, चारपैकी तिघांचे हप्ते खरंच अडकलेले निघाले. काय बोलू. परत येऊन लिहिते.

कर्वेरोड_मॅडम (पुढच्या वर्षीचा एप्रिल)

आठवण आहे का कुणाला? बरेच महिने गेले, लिहीन लिहीन म्हणत राहिलं. जे झालं ते सांगते, सगळं धड झालेलं नाही.

खोली मिळाली, झेरॉक्सच्या मागची, खिडकी नाही. मी हौसेने पाटी लावली, आदिवासी विद्यार्थी कक्ष. महिनाभर काळं कुत्रं फिरकलं नाही. शेवटी थर्ड इयरची एक मुलगी म्हणाली मॅडम, आत शिरताना सगळी झेरॉक्सची रांग वळून बघते. काका, तुम्ही बरोबर होतात, पाटी काढली. आता तिथे नुसता स्टोव्ह आहे, दोन बाकडी आहेत आणि मंगळवारी चहा असतो. गर्दी होते. बिगरआदिवासी पण येतात, गावाकडची बरीच, मी कुणाला उठवत नाही.

कमवा आणि शिकामधून दोन मुलं घेतली, एक अक्कलकुव्याचा, एक जुन्नरची. त्यांना तास लावून दिले. काम काय ते लिहायची वेळ आली तेव्हा ऑफिसने विचारलं, कामाचं स्वरूप? मी लिहिलं, ज्युनियरवर ओरडणे. हेडक्लार्कने खोडून "शिष्यवृत्ती साहाय्य" केलं. दोन्ही करतात ते. आधार-खात्याची भानगड ऑगस्टमध्येच एकेकाला धरून सोडवली. हातउसन्या निधीची वही पण सुरू केली, त्यात सध्या फार नाही, पण दोन कॉटबेसिसवाल्यांची तोंडं बंद झाली.

ओरिएंटेशन आवणीनंतर दुसऱ्यांदा घेतलं, आधीचे सगळे प्राध्यापक परत यायला कुरकुरले, मी एकटीनेच घेतलं. ९ ऑगस्टला मुलांना विचारलं काय करायचं, तर म्हणाली काही नको मॅडम, जेवण करू. नागलीच्या भाकरी केल्या, एकाने घरून आमचूर आणला होता. प्राचार्य आले, जेवले, फोटो काढला. नॅकच्या फाइलीत तो फोटो गेलाच.

होळी. इंटर्नल आठ दिवस पुढे ढकलायला विभागात मला भांडावं लागलं, एक सहकारी म्हणाले उद्या सगळे आपापले सण घेऊन येतील, मी म्हटलं येऊ देत, गणपतीत आपण काय करतो. निघायच्या आधी प्रत्येकाने परत यायची तारीख वहीत लिहिली आणि अक्कलकुव्याच्या मुलाने घरच्यांशी त्यांच्या भाषेत फोनवर बोलून ठेवलं. एक सोडून सगळे आले. जो नाही आला तो आठवड्याने आला, वडिलांना बरं नव्हतं. त्याची इंटर्नल मी केबिनमध्ये घेतली.

गेल्या वर्षीच्या चारपैकी एक मुलगा परत आलाय, पुन्हा फर्स्ट इयरला. दोघं कंपनीत लागलेत, एकाने फोन उचलला, नीट बोलला, नको म्हणाला मॅडम आता. धारणीच्या मुलीचा ठावठिकाणा लागला नाही. दिलेला नंबर शेजाऱ्यांचा होता, ते म्हणतात कामाला गेली, कुठे ते माहीत नाही. तिच्याशी मी वर्षभरात एकदाही हजेरीपलीकडे बोलले नव्हते. घरी ती कोरकू बोलायची एवढंसुद्धा मला ती गेल्यावर कळलं.

म्हणून आता विचारतेय. जूनमध्ये मेळघाटातल्याच चिखलदऱ्याची एक कोरकू मुलगी प्रवेशाला येतेय, तिच्या आश्रमशाळेच्या मास्तरांचा फोन आला होता, पहिल्यांदाच एवढ्या लांब येतेय म्हणाले. आमच्या कॉलेजात सध्या कोरकू एकही नाही. नंदुरबारची पोरं म्हणतात मॅडम आमच्या भाषेशी तिची भाषा काहीच जुळत नाही, ते खरंच आहे, कोरकू मुंडा गटातली, ना मराठीला जवळ ना गोंडीला. पुण्यात कोरकू बोलणारं कुणी आहे का, शक्यतो बाई किंवा मुलगी? आठवड्यातून एकदा मंगळवारी आली तरी चालेल. जायचा-यायचा खर्च देईन, चहा तर आहेच.

डिंभ्याच्या_वर

माझ्या ऑफिसात एक ताई आहेत धारणीच्या, हडपसरला राहतात. विचारून सांगते.

एटापल्ली_ते_कोथरूड

आमच्या एमएसडब्ल्यूच्या बॅचमध्ये पण एक होती, कोरकूच. नंबर मेसेजमध्ये टाकलाय. आणि मॅडम, जमलं तर ती मुलगी यायच्या आधीच तिच्या आईशी बोलू दे तिला.